होमरन मोजण्याआधी वॉक मोज

बाल्टिमोर, नोव्हेंबर 2025

चि. ईशान,


या हिवाळ्यात बोस्टन रेड सॉक्सने कोणाला घ्यावं, याची तुझी यादी वाचली. होमरनच्या उतरत्या क्रमाने नावं लावली आहेस: 56 वाला कायल श्वॉर्बर वर, 38 वाला पीट अलोन्सो त्याखाली. किती वर्षांचा करार, किती पैसे, यावर ‘लागतील तेवढे’ एवढंच. माझं भांडण तिथे आहे.

मी ओरिओल्सच्या गावात राहते, म्हणून ख्रिस डेव्हिसचं नाव काढते. 2013 मध्ये 53 होमरन, 2015 मध्ये 47. दोन्ही वर्षी अख्ख्या मेजर लीगमध्ये त्याच्यापुढे कोणी नव्हतं. जानेवारी 2016 मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, ओरिओल्सने त्याला सात वर्षांसाठी 16 कोटी 10 लाख डॉलर देऊ केले. शहर खूश होतं. त्या 47 होमरनच्या जोडीला 208 स्ट्राइकआउट होते, तिकडे फार कोणी पाहिलं नाही. 2018 मध्ये त्याची सरासरी .168 वर आली. त्या मोसमाच्या अखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत सलग 54 ॲट-बॅट्समध्ये त्याला एकही हिट मिळाली नाही, आणि मिळाली तीही तुमच्याच फेनवे पार्कमध्ये. 2021 मध्ये तो निवृत्त झाला. माणूस कामचुकार मुळीच नव्हता, म्हणून त्याची हुर्यो उडायची तेव्हा मला फार वाईट वाटायचं. पण वेगवान चेंडूवर बॅट पाव क्षण उशिरा पोचायला लागली की ज्याचं सगळं ताकदीवर उभं आहे त्याच्या हाती दुसरं काही उरत नाही.

आता तुमचा डेव्हिड ऑर्टिझ बघ. डिसेंबर 2002 मध्ये मिनेसोटाने त्याला सोडून दिलं. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. पेड्रो मार्टिनेझने क्लबकडे त्याच्यासाठी आग्रह धरला आणि बोस्टनने त्याला एका वर्षासाठी अवघ्या साडेबारा लाख डॉलरला घेतलं. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज घरी आली. 2006 चे त्याचे 54 होमरन तुला पाठ असतील. त्याच मोसमात त्याचे वॉक 119 होते आणि स्ट्राइकआउट 117, हेही पाठ कर. एवढ्या जोरात मारणारा माणूस बाहेरचा चेंडू सोडूनही देत होता. म्हणूनच चाळिशीत, कारकिर्दीच्या शेवटच्या मोसमातही त्याने 38 होमरन मारले.

तेव्हा यादी नव्याने लाव. आधी वय, मग वॉक, मग होमरन. त्या हिशेबानेही मी श्वॉर्बरलाच वर ठेवीन. स्ट्राइकआउट त्याचेही भरपूर आहेत, पण यंदा 108 वॉक आहेत. अलोन्सोचे जेमतेम साठ. शिवाय 2021 च्या उत्तरार्धात श्वॉर्बर बोस्टनकडूनच खेळला, ह्यूस्टनविरुद्ध त्याने मारलेला ग्रँड स्लॅम तू विसरला नसशील. ट्रिस्टन कॅसासच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे पहिल्या बेसची जागा रिकामी आहे आणि अलोन्सो तिथेच खेळतो, हा तुझा मुद्दा खरा आहे. पण तेवढ्यासाठी लांब करार नको.

मार्चमध्ये श्वॉर्बर 33 चा होईल. त्याला चार वर्षं द्यावीत, पाचवं मागितलं तर नमस्कार करून उठावं. तुला पटत नसेल तर आकडे घेऊन ये, सविस्तर भांडू.

तुझी,
आत्या