गारा पडल्या त्या गावी

मराठवाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? कुणी म्हणेल वेरूळ-अजिंठ्याची लेणी, कुणी म्हणेल देवगिरीचा किल्ला. आणि कुणी म्हणेल कडक ऊन, कोरड्या विहिरी आणि पाण्याचे टँकर! पण याच मराठवाड्यात एकदा शेतंच्या शेतं बर्फानं पांढरीशुभ्र झाली होती, असं सांगितलं तर? खोटं वाटेल ना?

माझ्या भाचीलाही ते खोटंच वाटलं. ती पुण्याला सातवीत शिकते. नाताळच्या सुट्टीत ती आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला आली होती. (या शहराचं पूर्वीचं नाव औरंगाबाद.) पहिल्या दिवशी आम्ही पाणचक्की पाहिली. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथे आणलेलं आहे. त्या पाण्याच्या जोरावर दगडी जातं फिरायचं आणि त्या पिठाच्या भाकऱ्या फकिरांना, वाटसरूंना मिळायच्या. भाची खूश झाली. म्हणाली, "मामा, पाणी दळणसुद्धा दळून देतं!"

मी म्हटलं, "हो, पाणी माणसाला जेवू घालतं. पण तेच पाणी कधी कधी ताटातला घास काढूनही घेतं. उद्या चल, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बीडकडे जाणारी एस.टी. पकडली. हवेत छान गारठा होता. शहर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना काळी जमीन दिसू लागली. कुठे कापसाची बोंडं फुटलेली, कुठे तूर, कुठे हरभरा, तर कुठे नुकती कमरेला लागलेली शाळू ज्वारी. आडूळ गेलं आणि मोसंबीच्या बागा सुरू झाल्या. पुढे पाचोडला मोसंबीचा मोठा बाजार भरतो. आम्ही मात्र पाचोडच्या अलीकडेच एका फाट्यावर उतरलो आणि पायी निघालो. माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं हे गाव. त्याचे थोरले भाऊ शेती बघतात. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं.

दादा आम्हाला थेट बागेतच घेऊन गेले. एका जुन्या झाडाच्या खोडावर त्यांनी भाचीचा हात ठेवला. "बघ बरं, काय लागतंय हाताला?"

सालीवर खडबडीत वण होते. कुणी हातोडीनं ठोकावं तसे. पण गंमत म्हणजे ते एकाच अंगाला होते. दुसरी बाजू चांगली गुळगुळीत!

"त्या बाजूनं वारं होतं," दादा म्हणाले. "गारा तिकडूनच आल्या. २०१४ साली."

मग बांधावर बसून त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

२०१२ साली मराठवाड्यात पाऊस फार कमी झाला. २०१३ च्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळू लागल्या. झाड जगावं म्हणून लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन बुंध्याशी ओतलं. दादांनीही तेच केलं. तरी निम्मी बाग गेली. पुढे पावसाळा बरा झाला. रब्बीचा गहू, हरभरा, ज्वारी जोमात आली. जगलेल्या मोसंबीवर मृग बहाराची फळं तोडणीला आली होती आणि अंबिया बहाराची नवी फुलंही लागली होती. यंदा कर्ज फिटणार, असं घरात सगळे म्हणू लागले होते.

आणि महाशिवरात्रीच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीला, आभाळ बिघडलं.

"दुपारचीच वेळ होती," दादा सांगत होते. "एकदम अंधारलं. थंडगार वारं सुटलं. आधी वाटलं पाऊसच. मग पत्र्यावर टण्णकन् आवाज झाला. मी शेतात होतो. डोक्यावर घमेलं धरलं आणि पळालो. घमेल्याचा नुसता ताशा वाजत होता!"

आजींना अजून तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो. "लेकरांना घेऊन मी बाजेखाली घुसले बाई. इवढाल्या गारा, लिंबाएवढाल्या! पत्र्याला भोकं पडली. अर्धा तासही झाला नसंल. बाहेर आले तर सगळं पांढरं. लिंबाच्या झाडाखाली पोपट, चिमण्या मरून पडलेल्या. शेजाऱ्याची दोन शेरडं गेली. गहू तर असा झोपला होता, जणू त्याच्यावरनं कुणी रूळ फिरवला."

भाची गप्प झाली. जरा वेळानं तिनं विचारलं, "पण मामा, इथे तर बर्फ पडायला थंडीसुद्धा पुरेशी नसते. मग गारा आल्या कुठून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मुलांनो, तुम्हीही ऐका. फेब्रुवारी-मार्च म्हणजे शिशिर ऋतूचा शेवट. जमीन तापायला लागलेली असते, पण उंचावरची हवा अजून खूप थंड असते. अशा वेळी वायव्येकडून पश्चिमी झंझावात येतात आणि समुद्राकडून आलेली दमट हवा त्यांना मिळते. तापलेली, दमट हवा जोरानं वर चढते आणि काही किलोमीटर उंचीचे प्रचंड ढग तयार होतात. या ढगांत शून्य अंशाच्या खाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. बर्फाच्या एखाद्या कणाला ते चिकटतात आणि लगेच गोठतात. वर जाणारा वारा त्या कणाला खाली पडू देत नाही, म्हणून तो थरावर थर घेत वाढत जातो. गार मधोमध कापली तर आतले थर कांद्यासारखे दिसतात! शेवटी तिचं वजन वाऱ्याला पेलत नाही आणि ती खाली कोसळते. लिंबाएवढी गार ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगानं येऊ शकते. अशा गारा माणसांचाही जीव घेतात. उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसं दगावली होती. गारपिटीनं एवढी माणसं गेल्याची दुसरी नोंद जगात नाही.

२०१४ ची गारपीट एका दिवसात संपली नाही. मार्चच्या मध्यापर्यंत ती थांबून थांबून पडतच राहिली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर आणि पश्चिम महाराष्ट्र, कुठलाच भाग सुटला नाही. राज्यात लाखो हेक्टरांवरची पिकं गेली. माणसं आणि जनावरंही दगावली.

"मग मदतीला कोण आलं?" भाचीनं विचारलं.

दादा म्हणाले, "पहिल्या रात्री? आम्हीच आमच्या मदतीला!" ज्यांच्या घरांचे पत्रे फुटले, ती बायकामुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत झोपायला गेली. ज्यांची चूल कोरडी होती त्यांनी भाकरी भाजल्या. गावातली दहावीची मुलं त्याच शाळेत कंदिलाच्या उजेडात अभ्यासाला बसली. वीज गेली होती, पण परीक्षा थोडीच थांबणार होती! एकाची पुस्तकं भिजली होती, तर दोघांनी मिळून एकच पुस्तक वाचलं.

सरकारी मदत त्यानंतर येते आणि तिची सुरुवात पैशानं होत नाही, मोजणीनं होते. तिला 'पंचनामा' म्हणतात. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं मिळून शेतोशेत फिरतात. कुणाचं शेत, कोणतं पीक, किती क्षेत्र, किती नुकसान, हे सगळं लिहून घेतात. ते कागद तहसील कचेरीत जातात, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग विभागीय आयुक्तांकडे आणि शेवटी मुंबईला मंत्रालयात. त्या वर्षी आणखी एक अडचण होती. लोकसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली होती. त्यामुळे मदत जाहीर करायलाही निवडणूक आयोगाची परवानगी लागली.

मार्चमध्येच राज्य सरकारनं मदत जाहीर केली. कोरडवाहू पिकाला हेक्टरी १०,००० रुपये, बागायती पिकाला १५,००० आणि फळबागेला २५,०००.

"भरपूर की!" भाची म्हणाली.

"गणित कर," मी म्हटलं. "दादांची मोसंबी एक एकर. एक एकर म्हणजे साधारण ०.४ हेक्टर."

तिनं बोटांवर हिशेब केला. "२५,००० गुणिले ०.४... दहा हजार."

"आणि मोसंबीचं नवं झाड लावलं तर चांगलं फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात," दादा म्हणाले. ते तक्रार करत नव्हते. त्या दहा हजारांतून त्यांनी औषध आणलं होतं. कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात त्याप्रमाणे मोडक्या फांद्या छाटल्या, जखमांवर बोर्डो मिश्रण लावलं, खाली पडलेली फळं वेचून पुरली. म्हणून ही झाडं वाचली. त्यांच्या अंगावर वण राहिले, एवढंच!

पण सगळ्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्या वेळी नियम होता की, निम्मं, म्हणजे ५० टक्के पीक गेलं असेल तरच मदत. समजा तुमचं ४५ टक्के गेलं, तर हाती काहीच नाही! शंभर रुपयांतले पंचेचाळीस हरवले तर तुम्हाला काय वाटेल? हा नियम बऱ्याच लोकांना खटकत होता. पुढे २०१५ साली केंद्र सरकारनं तो बदलला. तेव्हापासून ३३ टक्के नुकसानीलाही मदत मिळते.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक मावशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या. भारा उतरवून त्या आमच्याजवळ टेकल्या. गारांचा विषय निघालेला पाहून हसल्या. म्हणाल्या, "माझी तर सुगीच गारांनी खाल्ली."

मावशींची स्वतःची जमीन नाही. ज्वारी काढायला जायचं, मजुरीत धान्य आणायचं आणि त्यावर पुढचे महिने काढायचे, असं त्यांचं वर्षाचं गणित. त्या वर्षी काढायला ज्वारीच उभी राहिली नाही.

भाचीनं एकदम विचारलं, "मग मावशी, तुम्हाला किती पैसे मिळाले?"

मावशी काही बोलल्या नाहीत. दादाही मातीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पंचनामा शेताचा असतो, बाळा. सातबारा ज्याच्या नावाचा, त्याचं नाव कागदावर येतं. बुडालेल्या मजुरीचा रकानाच नव्हता त्यात."

"मग तुम्ही खाल्लं काय?"

"खाल्लं की!" मावशी म्हणाल्या. "ह्यांच्या बागेत फांद्या वेचायला बोलवलं. शेजारच्या घरातनं झोपलेला गहू दिला, निवडून घे म्हणून. काळा पडलेला होता, पण पोट भरलं. मग उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर माती उचलली."

रोजगार हमी योजना आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? १९७२ च्या मोठ्या दुष्काळात हजारो गावांत अशी कामं निघाली आणि लाखो माणसं तगली. पुढे राज्यात तिचा कायदाही झाला. जमीन नसलेल्या माणसाला संकटात आधार हवा असतो, हे तेव्हाच्या लोकांनी ओळखलं होतं. पण काम सुरू व्हायला वेळ लागतो आणि भूक तर रोजच लागते. त्या मधल्या दिवसांत शेजारीच कामाला येतो.

परत निघताना भाचीनं तिच्या वहीत एक तक्ता काढला. शेतकऱ्याचं नाव, पीक, क्षेत्र, नुकसान, असे रकाने. आणि शेवटी तिनं एक नवाच रकाना आखला: 'या शेतावर कामाला कोण येतं?' ती वही तिनं दादांना दाखवली. दादा बराच वेळ तो तक्ता बघत होते. "असा कागद पाहिजे बघ," एवढंच म्हणाले.

हल्ली हवामान खात्याचा इशारा आधी मोबाइलवर येतो. विजेची सूचना देणारं 'दामिनी' हे अ‍ॅप पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं बनवलं आहे. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या बागांवर गार अडवणाऱ्या जाळ्या लावतात. पण जाळीला खर्च फार येतो आणि गारपीट काही थांबवता येत नाही. म्हणून गारा पडायला लागल्या तर तुम्ही काय कराल? झाडाखाली उभं राहू नका, वीजही पडते. पक्क्या छपराखाली जा, खिडकीपासून लांब राहा, डोक्यावर दप्तर का होईना पण धरा. गारा वेचायला थांबल्यावरच बाहेर या. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ घरात दिसेल असा लिहून ठेवा.

आणि वादळ सरल्यावर जरा आजूबाजूला बघा. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची वह्या-पुस्तकं भिजली, कुणाची आई उद्या कामाला जाऊ शकणार नाही, हे तलाठ्याच्या आधी तुम्हाला कळतं. कारण ती मुलं तुमच्याच वर्गात बसतात.

फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना मावशी धावत आल्या. भाचीच्या ओंजळीत त्यांनी दोन मोसंब्या ठेवल्या. "दादांच्या बागंतल्याच हायेत," म्हणाल्या. "गारा खाल्लेल्या झाडाच्या. लई गोड असत्यात."

खरंच, फार गोड होत्या!