काळ्या कातळाचं वय सांगणारं कवच

भिवंडीजवळचं राहनाळ पाहिलंय का तुम्ही? जिकडे बघावं तिकडे गोदामं आणि ट्रकांची वर्दळ! पण या सगळ्याच्या खाली आहे काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो उकळता लाव्हा होता. त्याचं वय कसं बरं ओळखायचं? लाव्ह्यात तर शंखशिंपले टिकत नाहीत!

चला, गोदावरीबरोबर जाऊ या. त्र्यंबकेश्वरला उगम पावून ती याच काळ्या पाषाणावरून वाहत पुढे आंध्रातल्या राजमहेंद्रीला पोचते. गंमत म्हणजे लाव्हाही तिथवर पोचला होता! तिथल्या दगडखाणींत लाव्ह्याचे दोन थर दिसतात आणि त्यांच्यामध्ये समुद्राच्या गाळाचा थर.

हा गाळ धुऊन, बारीक चाळणीतून चाळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की दिसतात फोरामिनिफेरा. हे एकपेशीय जीव. त्यांचं कवच चुन्याचं. काही जाती समुद्रात तरंगत दूरवर पसरतात. एक जात संपते, दुसरी येते. म्हणून ज्या थरात जी जात, त्यावरून थराचा काळ कळतो.

पण ओळख पक्की हवी हं! ग्लोबोट्रंकाना मोठं, कडेला बहुधा दोन कंगोरे असलेलं. ते डायनोसॉरांच्या काळातलं. पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना मात्र जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं! शेवटच्या वेटोळ्यात साधारण पाच ते सात गोल कप्पे. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्यानंतर लवकरच ते आलं आणि काही लाख वर्षांत नाहीसंही झालं. इटलीतल्या गुब्बियो गावावरून त्याला ‘युगुबिना’ नाव मिळालं.

राजमहेंद्रीच्या त्या गाळात हेच चिमुकलं कवच सापडलं. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ते प्रसिद्ध केलं. म्हणजे खालचा लाव्हा त्याच्या आधीचा, वरचा नंतरचा!

डायनोसॉर संपले ते आपल्या दख्खनच्या ज्वालामुखीमुळे, की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे? या वादात लाव्हा नेमका केव्हा वाहिला, हाच कळीचा प्रश्न. कवच ओळखताना चूक झाली, तर सगळा हिशेबच कोलमडेल.

आता एक काम करा. समुद्रावर गेलात, की चिमूटभर वाळू आणा. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. आजच्या फोरामिनिफेराची कवचं तुम्हालाही सापडतील. सापडलं, की आधी कप्पे मोजा. नाव नंतर शोधा!