साथीचे वाद्य

गेल्या श्रावणातली गोष्ट. विंझरच्या घरी संध्या आटोपून मी पडवीत बसलो होतो. पाऊस लागला होता. माजघरातून एक खोल, आर्त स्वर आला. "सारंगी का रे?" मी चिरंजीवांस विचारले. "नाही बाबा, चेलो," मोबाइल पुढे करीत तो म्हणाला.

व्हायोलिनच्याच कुळातले, परंतु मोठे व खर्जाचे असे हे वाद्य. त्याने इतरांच्या मागे आधार धरावा, एवढेच त्याचे काम समजले जाई. इटलीतील बोलोन्याच्या दोमेनिको गाब्रिएल्लीने १६८९ साली एकट्या चेलोसाठी सात रचना लिहिल्या, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. सुमारे तीस वर्षांनी झालेल्या बाखच्या सहा रचना आज जगन्मान्य आहेत. गाब्रिएल्लीचे नाव मात्र थोड्यांच्याच कानी असते.

ऐकता ऐकता मला धाकट्या बंधूची आठवण झाली. विशीत त्याने सारंगी शिकण्याची इच्छा सांगितली होती. "कोठीवरच्या गाण्याची ती साथ, आपल्या घरात नको," असे मी म्हणालो. पंडित रामनारायण यांनी १९५६ पासूनच मुंबईत सारंगीचे एकलवादन रुजविले होते, हे मला ठाऊक होते. आजन्म मुलांना 'सहृदय' शब्दाचा अर्थ शिकविला; घरात तो विसरलो.

ती रचना मी बंधूस पाठविली. रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, "दादा, आता बोटे वळत नाहीत रे."