कोरड्या जमिनीचं बाथरूम

बाथरूमची जमीन कोरडी राहू शकते! घरातली सगळी माणसं एकामागून एक अंघोळ करून गेली, तरी बेसिनपाशी पायमोजे घालून उभं राहता येईल इतकी कोरडी! हे मला नुकतंच कळलंय आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्यानं करायचं ठरलं, म्हणून दुकानं पालथी घालत होते. एका शोरूममध्ये चार फूट बाय आठ फूट एवढ्याच जागेतली मांडणी दिसली आणि मी तिथंच थांबले. दाराशी बेसिन, मग कमोड, आणि पार टोकाला अंघोळीची जागा. मध्ये काचेचं एकच स्थिर पान. दार नाही, पडदा नाही, मधला उंबराही नाही. ओलं तिकडे, कोरडं इकडे. आपल्याकडे अंघोळ झाली की कमोडपासून दारापर्यंत सगळं भिजतं, आणि आपण ते गृहीतच धरलेलं असतं!

यातली खरी करामत काचेची नाही, जाळीची आहे. कोपऱ्यातल्या चौकोनी नहाणी ट्रॅपकडे पाणी न्यायचं तर जमिनीला सगळीकडून उतार द्यावा लागतो, म्हणून टाइल्स छोट्या घ्यायच्या नाहीतर तिरक्या कापायच्या. आता भिंतीच्या कडेनं लांबट, पट्टीसारखी जाळी मिळते. तिच्याकडे एकाच दिशेनं, फुटाला एक सूत असा ढाळ दिला की काम झालं. मग दोन फूट बाय चार फुटांची मोठी टाइलही न कापता बसते! मोठी टाइल म्हणजे सांधे कमी, सांधे कमी म्हणजे घासायचं कमी. आणि जे थोडे सांधे उरतात त्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरायचं. ते पाणी पीत नाही, म्हणून सांधे लवकर काळे पडत नाहीत.

टाइल निवडताना तर मला खजिनाच सापडला. टाइल किती घसरडी आहे हे मोजायची जर्मन पद्धत आहे. टाइल्स बसवलेल्या फळीवर तेल ओततात, माणूस बूट घालून तिच्यावर चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत जातात. पाय कितव्या अंशाला सुटतो त्यावरून आर ९ ते आर १३ असे दर्जे ठरतात. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावरची वेगळी चाचणी आहे. तिचे दर्जे ए, बी, सी, आणि शॉवरखाली निदान बी हवा. तेल आणि अनवाणी पाय! नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्या बाथरूममध्ये दुसरं काय असतं? अंगभर तेल, उटणं, वर गरम पाणी. चकचकीत टाइल कितीही देखणी असली तरी ती भिंतीवर लावा. जमिनीला मॅट, खरखरीत, दर्जा विचारून घेतलेली.

आणि कोरडा भाग वेगळा झाला की तिथं हौस करता येते! जुन्या घरांतलं मोझॅक आता टेराझो म्हणून परत आलंय, नक्षीच्या रंगीत सिमेंट टाइल्सही आल्या आहेत. मुंबईत १९२२मध्ये सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या अशा टाइल्स बघितल्यावर दुसरं काही डोळ्यांत भरेना. या टाइल्स पाणी शोषतात, त्यांना सीलर लागतो, म्हणून त्या शॉवरखाली नको, बेसिनपाशी हव्यात.

भिंतीवर टांगलेल्या कमोडची मला धास्तीच वाटायची. पण त्याच्या मागे भिंतीत लोखंडी चौकट असते आणि ती ४०० किलो वजन पेलते! फ्लशची टाकीही भिंतीतच. गेबेरिट या स्विस कंपनीनं अशी टाकी १९६४मध्येच आणली होती. खालून सरळ पोछा फिरवता येतो, हे सुख केवढं! मात्र अर्ध्या विटेच्या भिंतीत ही टाकी मावत नाही, पुढं साधारण सहा इंचांचा कट्टा बांधावा लागतो. शिवाय जुन्या इमारतीत कमोडचा पाइप जमिनीत उतरतो की भिंतीतून बाहेर जातो, हे प्लंबरला आधी विचारायचं. त्या उत्तरावर बेत बदलू शकतो.

तसंच त्या मोठ्या ताटाएवढ्या रेन शॉवरचं. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर टाकी असते ती जेमतेम तीन-चार मीटरवर, म्हणजे पंपाशिवाय त्या शॉवरमधून पावसाची नुसती भुरभुर! हाताचा छोटा शॉवर तिथं कितीतरी चांगला. आणि काळे मॅट नळ? काय रुबाब आहे त्यांचा! पण बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर चार दिवसांत त्यांच्यावर पांढरे डाग उमटतात, काचेवरही. आपलं पाणी कसं आहे ते गीझरची कॉइल बघून कळतं. तिच्यावर चुन्याचा थर असेल तर ब्रश केलेल्या स्टीलचे नळ घ्यावेत, डाग उठून दिसत नाहीत.

काचेचं माप टाइल्स बसल्यावरच घ्यायचं, कारण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही. आणि टाइल्सच्याही आधी वॉटरप्रूफिंग करून बाथरूममध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघायचं. इथं घाई करणाऱ्या मिस्त्रीचं अजिबात ऐकू नका.

या सगळ्या नव्या मांडण्यांत मला एकच गोष्ट कुठं दिसली नाही: बादली! आपल्याकडे आई-आजी बसून अंघोळ करतात, लहान मुलांना बसवून न्हाऊ घालतात, हंडाभर गरम पाणी काढून ठेवतात. म्हणून मी काचेच्या आत भिंतीला लागून दगडी बाक घेतेय, आईला टेकायला सोयीचा. शेजारी धरायला मजबूत दांडा, त्याची भिंत आत्ताच भक्कम करून. आणि बाकाजवळ, गुडघ्याच्या उंचीला, बादलीचा नळ. प्लंबर म्हणाला, "ताई, शॉवर असताना खाली नळ कोण लावतंय आता?" मी म्हटलं, "दादा, आम्ही लावतोय. आणि चांगल्या जोराचा लावा."