डाव्या हाताची गिटार

डाव्या हाताला आपल्या भाषेने कधी न्याय दिलेला नाही. एखाद्याला बाजूला सारायचे असले की आपण त्याला ‘डावलतो’. मुलीचे लग्न पार पडले की ती ‘उजवली’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो. दोघांत जो सरस तो उजवा. आणि एखादे काम अगदीच किरकोळ असले, तर तो म्हणे ‘डाव्या हाताचा मळ’! एका जेवणाच्या ताटात काय ती डावी बाजू भाव खाऊन जाते. भाजी-आमटीने पोट भरते, पण चव असते ती डावीकडच्या चटणी-लोणच्यात. अर्थात त्या चटणीला बोट लावायचे तेही उजव्या हाताचेच.

भातसानगरात राहणाऱ्या माणसाला डावे-उजवे हा विषय तसा परका नाही. आमची ही वसाहत धरणाची. मुंबईकर ज्या भातसाचे पाणी पितात, त्या भातसाचे. धरणाच्या उजव्या कालव्याचे नाव इथे पोराटोरांच्या तोंडी असते. लहानपणी मला कोडे पडे, की नदीचा उजवा हात कोणता हे ठरवले कुणी? मी अलीकडे उभा राहिलो तर एक काठ उजवा, पलीकडे गेलो तर दुसरा! पुढे कळले की पाणी जिकडे चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहायचे. मग उजव्या हाताला येईल तो उजवा तीर. म्हणजे डावे-उजवे ठरवण्याआधी तोंड कुणीकडे करायचे ते ठरवावे लागते. हे ज्ञान पुढे गिटारीच्या कामी येईल असे मात्र मला स्वप्नातही वाटले नव्हते.

झाले असे, की माझ्या पुतणीला तिच्या मामाने मुंबईहून गिटार आणून दिली. पोरगी अकरा वर्षांची आणि पक्की डावखुरी. शंभरात साधारण दहा माणसे अशी असतात म्हणतात. आमच्या घरातली ही दुसरी. तिने गिटार पिशवीतून काढली, मांडीवर घेतली, आणि ती नेमकी उलटी धरली. झाले! घरात दोन पक्ष पडले. धाकटा भाऊ म्हणाला, “सगळे जग धरते तशी धर. तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो, पण खेळला ना उजव्या हाताने?” मी म्हटले, “अरे, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅटीवर वरचा हात डावाच असतो. त्याचा डावा काही खिशात नव्हता!” पण वादात कोटी केली म्हणून प्रश्न सुटत नाही.

प्रश्न खरोखरच चमत्कारिक आहे. उजव्या हाताची म्हणून जी गिटार विकतात, तिच्यावर उजवा हात करतो काय? तर तारा छेडतो. आणि डावा? तो बापडा पडद्यांवर चार बोटे ताणून, तारा दाबून, एका स्वरसंघातून दुसऱ्यात क्षणार्धात उडी मारतो. बोटांच्या टोकांची सालपटे निघतात ती त्याचीच. मग कष्टाचे काम डाव्याकडे असताना हे वाद्य उजव्याचे कसे? मला वाटते, याचे उत्तर लयीत आहे. दाबणारा हात ‘काय’ ते सांगतो. ‘केव्हा’ आणि ‘किती जोराने’ हे छेडणारा हात ठरवतो. तार दाबलेली राहिली आणि छेडलीच नाही, तर गाणे नाही. उजव्या जगाने कारकुनी डाव्याला दिली आणि सही आपल्याकडे ठेवली.

डावखुऱ्याने यावर नाना वाटा काढल्या आहेत. मार्क नॉफ्लर हा ब्रिटिश वादक डावखुरा. पण तो गिटार चारचौघांसारखी धरतो, आणि त्याचे काही अडलेले नाही. जिमी हेंड्रिक्सने उजव्यांची गिटार उलटी धरली आणि तारांचा क्रमही फिरवून घेतला. एलिझाबेथ कॉटन या अमेरिकन बाईने तेही केले नाही. १८९३ साली गरीब कृष्णवर्णीय घरात जन्मलेली ही मुलगी भावाचा बँजो तो घरी नसताना चोरून वाजवी. दुसऱ्याच्या वाद्याच्या तारा बदलायच्या कशा? म्हणून तिने वाद्यच उलटे धरले. जाड तारा खाली, बारीक वर. साहजिकच इतरांचा अंगठा जिथे खर्ज धरतो तिथे तिचा अंगठा गाण्याची चाल वाजवू लागला, आणि खर्ज बोटांकडे गेला. पुढे कित्येक वर्षे गिटार सुटली. उतारवयात वॉशिंग्टनला सीगर नावाच्या संगीतवेड्या कुटुंबात ती घरकाम करीत होती. तिथे भिंतीवरची गिटार तिने पुन्हा उचलली आणि घरचे लोक थक्क झाले. नव्वदी उलटल्यावर तिला ग्रॅमी मिळाले. तिची ती उलटी पद्धत आज उजव्या हाताचे लोक मुद्दाम शिकतात!

आपल्याकडे मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ डाव्या हाताने सरोद छेडीत. त्यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी मुंबईत राहात. हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा रेडिओवर, सिनेमात त्यांचे नाव झालेले होते. सारे विसरून पहिल्यापासून शिकायची तयारी आहे हे गुरूला पटावे म्हणून त्यांनी उजव्या हाताची बासरी डावीकडे घेतली, असे सांगतात. आजही त्यांची बासरी डावीकडेच असते. इतक्या वर्षांची बोटांची सवय मोडायची म्हणजे काय, याची कल्पना ज्याला करायची असेल त्याने उद्या सकाळी डाव्या हाताने दाढी करून पाहावी. जपून!

हे सारे मी भावाला ऐकवले. त्याचा आक्षेप अगदी व्यवहारी होता, आणि खोटाही नव्हता. दुकानात डाव्या गिटारी थोड्या; उद्या मैत्रिणींच्या घोळक्यात कुणाची गिटार हाती आली तर ही काय वाजवणार? पण भातसानगरात दुसरी गिटार आहे कुठे?

निकाल अखेर आईने दिला. घरातली पहिली डावखुरी ती. शाळेत मास्तरांनी छड्या मारून तिची पाटी उजव्या हातात दिली. देवाचे, जेवणाचे, वाढण्याचे, हळदीकुंकवाचे सारे घरच्यांनी उजव्या हातात दिले. पण भातकापणीचा विळा तिने डाव्यातच धरला. उजव्यांच्या विळ्याची धार डाव्याला उलटी पडते, म्हणून आजोबांनीच लोहाराकडून तिच्यापुरता वेगळा विळा करून घेतला होता. ऐन दिवाळीच्या तोंडावर भात पिकून उभे असते, तेव्हा शुभाशुभ पाहायला कुणाला सवड? आई भावाला म्हणाली, “मला विळा करून दिला तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही. पोरीला तारा फिरवून दे.”

तारा फिरवणे वाटते तितके सोपे नाही, हे शहापूरच्या गिटारमास्तरांनी समजावले. मानेच्या टोकाला खाचांची एक पट्टी असते. तिच्यातली प्रत्येक खाच आपापल्या तारेच्या जाडीची. जाड तार अरुंद खाचेत बसत नाही, बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते. घोडीवरची पट्टी जराशी तिरपी असते, कारण जाड तार दाबली की सूर अधिक चढतो, म्हणून तिची लांबी किंचित जास्त ठेवतात. नुसत्या तारा फिरवल्या तर ती तिरप नेमकी उलटी पडते आणि वरच्या पडद्यांवर बेसूर ऐकू येतो. मास्तरांनी वरची पट्टी नवी बसवली, घोडीची खाच बुजवून दुसऱ्या अंगाने पाडली. शिकवायला मात्र त्यांना ही शिष्या फार सोयीची पडते. समोरासमोर बसले की ते तिला आरशासारखे दिसतात. त्यांचा हात जिकडे सरकतो तिकडेच तिचा.

आता संध्याकाळी आमच्या ओटीवर तीन स्वरसंघांचे एक गाणे चालते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बोटे अजून अडखळतात, पण ठेका सुटत नाही. परवा चकल्या पाडता पाडता आईने तिला जवळ बोलावले आणि तिच्या उजव्या हाताची बोटे उलटीसुलटी करून पाहिली. टोकांना घट्टे पडू लागले होते.

“बरे झाले,” आई म्हणाली, “याला कुणीतरी कामाला लावायलाच हवे होते.”