पन्नास-पन्नासांच्या पंगती

मृगाच्या सरी पडून पऱ्हाटीची लागवड उरकली की आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात पालकांची वर्दळ सुरू होते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला शिफारसपत्र. कुणी नुसतेच बाकावर बसून राहतो. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती कापसाचा पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे. महाविद्यालयाचे शुल्क मात्र त्याआधीच दारात उभे असते. बाकावरच्या बापाला काय मागायचे आहे, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच मला कळते.

२०१६ साली पांढरकवड्याकडील असाच एक बाप थोरल्या मुलाला घेऊन आला. तीन एकर जमीन, पोरे चार. मुलाला अमरावतीस पदविकेला प्रवेश मिळाला होता. मी मुलाच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, गरिबांच्या निधीतून दोन हजार रुपये दिले आणि एका उपकारकर्त्याला पत्र लिहिले. आपले कर्तव्य पार पडले, अशा समाधानाने त्या रात्री मी झोपलो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला काय, एवढा एकच प्रश्न मी विचारला नाही.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर त्याची आई भेटली. मुलगा शिक्षण सोडून पुण्याला एका कारखान्यात लागला होता. ती म्हणाली, "फादर, सरकारचा फारम भरता आला असता म्हनते. तारीख निघून गेली. आमाले कोनी सांगतलंच नाही." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

वास्तविक मला हे ठाऊक असायला हवे होते. मी स्वतः ई.बी.सी. सवलतीवर शिकलो. शेतमजूर असलेले माझे वडील उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चावडीबाहेर दिवसभर उभे राहिले होते. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. वडिलांचे ते उभे राहणे मात्र विसरलो.

त्यानंतर मी एक वही केली. आता दर जूनमध्ये रविवारच्या मिस्सानंतर ओसरीवर टेबल मांडले जाते. एक निवृत्त शिक्षक आणि दोन धर्मभगिनी कागद तपासतात: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते. अर्ज महाडीबीटीवर भरला म्हणजे काम संपत नाही. महाविद्यालयाच्या लिपिकाने तो तपासून पुढे पाठवावा लागतो, आणि पुढल्या वर्षी नूतनीकरण करावे लागते. किती अर्ज केवळ या दोन पायऱ्यांवर अडतात!

कोणाचे दार कोणते, हेही सांगावे लागते. आपल्या आदिवासी बांधवांचा अनुसूचित जमातीचा दर्जा ख्रिस्ती झाल्याने जात नाही. दलित ख्रिस्ती बांधवांचे तसे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. याखेरीज अल्पसंख्याकांसाठी राज्याची निराळी शिष्यवृत्ती आहे, आणि अल्पभूधारकांच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाहभत्ता आहे.

या टेबलापाशी दोन प्रकारची माणसे मला अस्वस्थ करतात. एक, बरी मिळकत असूनही उत्पन्न कमी दाखवायला पाहणारी. अशा एका गृहस्थाला मी पत्र नाकारले. पुढे कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. खोट्या आकड्याने आपण सरकारला फसवीत नाही, बाकावरच्या त्या बापाला मागे ढकलतो. दुसरी, खरोखर गरजू असून अर्जाला भीक समजणारी. त्यांना मी सांगतो, १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. त्यात कोणाची मान खाली गेली?

वाचकहो, पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपण शेकडो वेळा ऐकला आहे. भाकरी मोडण्यापूर्वी प्रभूने लोकांना पन्नास-पन्नासांच्या पंगतीने बसवायला सांगितले, असे संत लूक नोंदवतो. त्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. आशीर्वाद प्रभूचा होता. पंगती मांडणे शिष्यांच्या वाट्याचे काम होते. २०१६ साली मी आशीर्वाद दिला आणि पंगत मांडायची विसरलो.

२०२४ साली त्याच घरातील धाकटी मुलगी परिचर्येच्या पदवीला गेली. त्याच वर्षी शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इतर मागासवर्गातील मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले होते. आई प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आमच्या टेबलापाशी सर्वांत आधी आली. अर्ज मुदतीत गेला, मंजूरही झाला. मुलगी शिकते आहे.

तिच्या भावाचे वर्ष मात्र परत आले नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी त्याचेच नाव लिहून ठेवले आहे.