चौथऱ्यावरची इंजिनं

स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं केलेलं वाफेचं इंजिन दिसलं की मी ते निरखून पाहतो, आणि माझं मत दरवेळी आणखी पक्कं होतं: यातली बरीचशी जपलेली नाहीत, नुसती रंगवलेली आहेत. बाहेरून काळा रंग चकचकीत असतो, बफरवर लाल पट्टा असतो. पण पुढचं गोल दार उघडून स्मोकबॉक्सचा तळ पाहावा. कोळशाची जुनी राख तिथे तशीच साचलेली असते. कोळशात गंधक असतं, त्यामुळे धुराड्यातून पावसाचं पाणी उतरलं की ती ओली राख आम्लासारखी पत्रा खात जाते. कुणी मोठा पाहुणा यायचा म्हणून वरून रंगाचा नवा हात मारला, तरी आतलं काम थांबत नाही. (पितळी नळ आणि प्रेशर गेज तर बहुधा भंगारवाल्याकडे केव्हाच पोचलेले असतात.)

चालत्या इंजिनाकडे असं दुर्लक्ष करून भागतच नाही. वाफ धरायची तर आधी बॉयलरवर पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी लागते, गळक्या नळ्या बदलाव्या लागतात, तळाचा गाळ धुऊन काढावा लागतो. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेली ‘फेअरी क्वीन’ कित्येक दशकं नुसती बघायची वस्तू होती. १९९७ मध्ये पेरांबूरच्या कारखान्याने ती पुन्हा चालती केली, ती दिल्ली-अलवर धावली आणि पुढच्याच वर्षी तिची गिनेस बुकात नोंद झाली. याउलट आपल्या माथेरानच्या गाडीची जुनी इंजिनं पांगली: एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, एक थेट इंग्लंडात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, भाग बदलत गेलं तर मूळचं राहतं काय? आक्षेप खोटा नाही. स्टीफन्सनचं १८२९ चं ‘रॉकेट’ उद्या कुणी पेटवायला निघालं, तर मीच आडवा पडेन. त्यासाठी १९७९ ची प्रतिकृती आहे, ती खुशाल पळवावी. पण ‘रॉकेट’ एकच. नोकरीत असलेल्या साध्या इंजिनांचे बॉयलर कारखान्यात सर्रास अदलून-बदलून बसवले जात. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’सारखं नावाजलेलं इंजिनसुद्धा त्याला अपवाद नाही. जे चालू असतानाच कधी ‘मूळचं’ नव्हतं, त्याच्याकडून आता शुद्धतेचा हट्ट कशाला? मोटारगाड्यांच्या बाबतीत मात्र हा हट्ट रास्त आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली, पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट घातली. जुन्या जीपमध्ये नवं डिझेल इंजिन बसवून तिला व्हिंटेज म्हणवणाऱ्यांना हे झोंबेल, झोंबू दे.

दुसरा आक्षेप धुराचा आणि पैशाचा. वर्षातून मोजक्या फेऱ्यांचा धूर हा काही शहराच्या हवेचा प्रश्न नव्हे, आणि निलगिरीच्या गाडीसाठी तेलावर चालणारी वाफेची इंजिनंही आली आहेत. पैसा लागतो हे खरं. पण पैशापेक्षा माणसांची टंचाई मोठी आहे. चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेचं शेवटचं इंजिन १९७२ मध्ये बनलं, ब्रॉडगेजवरची नियमित वाफ १९९५ मध्ये संपली. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमनही आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. भट्टीत कोळसा कसा पसरायचा, थंड बॉयलर घाई न करता तासन्तास कसा तापवायचा, हे वाचून कळतं, हाताला येत नाही. आणि चौथऱ्यावरचं इंजिन ते कुणालाच शिकवत नाही.

तुमच्या गावात असं एखादं इंजिन असेल किंवा परसात आजोबांची फियाट गंजत असेल, तर रंगाचा डबा आणण्याआधी जवळच्या शेडमधला किंवा गॅरेजमधला निवृत्त फिटर शोधा, आणि त्याच्यासोबत एखादा तरुण पोरगा शिकायला बसवा.